कॅप्टनसाहेबांचा चोरीला गेलेला आवाज

१

मशीन जागेवर होतं, माइक जागेवर होता, मशीनमधलं कार्ड मात्र नव्हतं. झहीरने खाचेत बोट घालून पाहिलं, मशीन उलटं केलं, टेबलाखाली वाकला, सतरंजी झटकली. मग घाम पुसत माझ्याकडे वळला.

"नवीनदादा, साहेबांचा आवाज गेला."

साहेब म्हणजे कॅप्टन माधवराव हुले. खालापूरच्याच मातीतले, एकेकाळचे फौजी, सध्याचे मंत्री. त्यांच्यावर आम्ही सिनेमा करत होतो, 'एकटा कॅप्टन'. संवाद माझे, म्हणजे नवीन कर्णिकचे, आणि स्तुती कशी करावी हे कुणीही माझ्याकडून शिकावं. अख्ख्या सिनेमात साहेब कुठे चुकत नाहीत, कुठे घाबरत नाहीत, आणि बर्फात लोळून उठले तरी त्यांचा भांग मोडत नाही. शेवटी तर कळसच. वरून गोळ्या येतायत आणि साहेब आपल्या जखमी जवानाला, पोशा पारधीला, पाठीवर घेऊन एकटे डोंगर उतरतायत. पोशा त्यांच्या मांडीवर प्राण सोडतो. या प्रसंगावर खुद्द साहेबांच्या आवाजात निवेदन जायचं होतं. सकाळी ते झालं होतं. ते त्या कार्डावर होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं.

साहेबांचा सकाळी खोपोलीत एक कार्यक्रम होता, संध्याकाळी कर्जतला एक. मधल्या वेळात रेकॉर्डिंग उरकावं म्हणून चौक गावाच्या पुढे, कर्जत रस्त्याला असलेला शैलाताई टिपणिसांचा बंगला घेतला होता. शैलाताई आयुष्यभर सरकारी वकील होत्या. निवृत्त झाल्यावर बंगला शूटिंगला द्यायला लागल्या, आणि आलेल्यांना आपल्या हातचं जेवू घालायचा त्यांचा हट्ट असे. त्यांच्या मागच्या खोलीत झहीरने भिंतींना गोधड्या टांगून आवाजाची खोली तयार केली होती.

झहीर बुबेरे जवळच्या लोधिवलीचा. कर्जतच्या आसपास कुठेही शूटिंग असलं की आवाजाचं काम त्याच्याकडे यायचं, कारण त्याच्याविरुद्ध कुणी कधी ब्र काढला नव्हता. त्या दिवशी शुक्रवार होता. रेकॉर्डिंग संपल्यावर तो सांगूनसवरून मोटरसायकलवर गावच्या मशिदीत जुम्म्याच्या नमाजाला गेला आणि आम्ही जेवायला बसलो. परत आल्यावर कार्ड लॅपटॉपवर उतरवून घेणार होता. खोलीला कुलूप लावलं नव्हतं. घरातल्या खोलीला कुलूप लावायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आमचा आवाज ऐकून जगदीश आला. जगदीश हा साहेबांचा शिळफाट्याचा माणूस. साहेबांना शिंक आली तरी त्यामागे विरोधकांचा हात शोधणारा. त्याने काही विचारलं नाही. फोन काढला, झहीरच्या तोंडासमोर धरला आणि बोलायला लागला.

"बघा, ह्यो तो. साहेबांचा आवाज चोरलाय यानं. उद्या कंप्युटरवर कापून जोडून साहेबांच्या तोंडी काय पण घालतील. नमाजाला जातो म्हनून गेला नि कार्ड कुनाला तरी देऊन आला."

"मी नाय घेतलं," एवढंच झहीर म्हणाला. फोनकडे बघावं की खाली बघावं हेसुद्धा त्याला सुचत नव्हतं.

व्हिडिओ पक्षाच्या ग्रुपवर गेला आणि तिथून गावोगाव. थोड्याच वेळात झहीरची बायको सफिया हिचा फोन आला. लोधिवलीत व्हिडिओ पोचला होता, दारात माणसं जमली होती, आणि नवऱ्याला घरी ये म्हणावं की येऊ नको म्हणावं, हे तिला समजत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, सरळ सांगतो. इतक्या वर्षांत कमावलेलं नाव आमचा रस्सा निवायच्या आत गेलं होतं.

जगदीशने पोलिसांनाही कळवलं होतं. गाडी निघाली होती.

शैलाताई पदराला हात पुसत दारात आल्या. "गाडी येईपर्यंत हे घर माझं आहे," त्या म्हणाल्या. "कुणी बाहेर जायचं नाही. जगदीश, तो फोन खिशात ठेव." मग त्या खोलीत आल्या, थबकल्या, आणि त्यांनी भिंतीवरच्या एसीकडे पाहिलं.

"ही खोली एवढी तापली कशाने?"

२

शैलाताईंनी ओसरीवर खुर्ची टाकली आणि एकेकाला समोर बसवलं. कोर्ट सुटलं तरी सवय सुटली नव्हती.

पहिला नंबर दिग्दर्शक अजेयचा. साहेबांच्या आवाजाला त्याचा पहिल्यापासून विरोध होता. त्याला एखादा कसलेला नट हवा होता, पण मंत्र्यांचाच आवाज पाहिजे असा जगदीशचा आग्रह, आणि जगदीशच्या आग्रहापुढे निर्मात्याचं काही चालत नसे. बंगल्यात आपल्या फोनला रेंज नाही म्हणून जेवताना मधेच उठून अजेय गच्चीवर फोन करायला गेला होता. तिथे त्याला कुणी पाहिलं नव्हतं. ते त्याने स्वतःहूनच सांगितलं आणि चिडून म्हणाला की कार्ड चोरायचं कशाला, मशीन मला चालवता येतं, सकाळी बिघडलेला टेक मीच पुसला होता.

तो टेक बिघडवला होता जगदीशने. ऐन निवेदनात त्याचा फोन वाजला होता, तेही काम सुरू होताच, आणि अजेयने त्याला खोलीबाहेर काढलं होतं. नंतर तो आत फिरकलाच नाही. जेवणाच्या वेळी तो फाटकाशी गाड्यांच्या मागे होता, निदान त्याचं म्हणणं तसं होतं. पण आवाजाचं काम त्याला साजगावच्या आपल्या मावसभावाला मिळवून द्यायचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. झहीरची अशी बदनामी त्याच्या पथ्यावरच पडणार होती.

माझी पाळी आली तेव्हा शैलाताईंनी मला हातानेच थांबवलं. "तू कुठे होतास ते विचारायला नको. वाढत मीच होते."

मग झहीर. त्याने सांगितलं ते असं. आवाज घेताना एसी बंद ठेवावा लागतो, कारण त्याची घरघर माइक पकडतो. म्हणून सकाळी त्याने सगळ्यांना आधीच बजावलं होतं, एसी बंद, फोन बंद, आणि आम्ही सगळे त्या गोधड्यांत घामाने निथळलो होतो. रेकॉर्डिंग संपल्याबरोबर त्याने एसी लावला, कारण मशीन तापलेलं होतं आणि परत येऊन त्याला तिथेच काम करायचं होतं. परत आला तर एसी बंद आणि खोलीची भट्टी झालेली.

"खोटं बोलतोय," जगदीश म्हणाला. "लावलाच नसंल."

"वीज गेली असेल," अजेय म्हणाला. पण वीज गेली नव्हती. मी जेवत होतो तेव्हा डोक्यावर पंखा चालू होता, ते मी ठामपणे सांगू शकत होतो.

राहता राहिले साहेब. ते पुढच्या खोलीत, काठी भिंतीला टेकवून, पाय उशीवर ठेवून पडले होते. लढाईत मांडीत गोळी बसली होती, फार वेळ उभं राहिलं की ती मांडी त्यांना अजून छळायची. सकाळी मात्र अजेयने उभं राहून बोलायला लावलं होतं, उभ्या माणसाच्या आवाजात जोश असतो म्हणून. माणसं बघत होती, त्यामुळे साहेब काही न बोलता उभे राहिले होते. आता मीच दारातून त्यांना धीर दिला की काळजी करू नका, निवेदन पुन्हा घेऊ, किती वेळ लागतो. त्यांनी छताकडे पाहत मान हलवली. आज नको म्हणाले, घसा बसलाय.

त्यांचा घसा चांगला खणखणीत होता. मला वाटलं, मोठ्या माणसांचं असंच असतं.

शैलाताई मात्र उठून मागच्या अंगणात गेल्या. मी पाठोपाठ गेलो. एसीच्या नळीखाली एक प्लास्टिकची बादली होती. त्या वाकल्या, बादलीत पाहिलं, आणि परत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "झहीर खरं बोलतोय. आणि त्या खोलीत कार्ड चोरायला कुणी गेलंच नव्हतं."

३

जगदीश तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि चहाचं आधण ठेवलं. काही सांगायचं असलं की हात कामात लागतात त्यांचे.

एसीचं पाणी वाया घालवायचं नाही, असा त्यांचा नियम. नळीखालची बादली भरली की ती कढीपत्त्याला. त्या दिवशी पानं वाढायला घेण्याआधी, म्हणजे रेकॉर्डिंग संपतासंपता, त्यांनी बादली झाडाला रिकामी करून पुन्हा जागेवर ठेवली होती. आता तिच्या तळाशी पाणी होतं. थोडंसंच, पण होतं.

"एसी चालल्याशिवाय पाणी येत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे झहीरने तो लावला होता. काही वेळ चालला. मग कुणीतरी मुद्दाम बंद केला. आता तू सांग, कार्ड पळवायला आलेला माणूस काय करेल? खाचेतून कार्ड काढेल आणि पळेल. तो रिमोट शोधून एसी बंद करत बसेल का?"

मी म्हटलं, नाही बसणार.

"मग त्या उकाड्यात एसी कोण बंद करतं?"

उत्तर सकाळपासून माझ्या अंगावर घामाने लिहिलेलं होतं, तरी ते सुचायला मला वेळ लागला. "ज्याला माइकवर बोलायचंय तो."

"बरोबर. आणि माइक पाहिलास? सकाळी साहेबांच्या तोंडाशी होता, उभ्या माणसाच्या. आता खुर्चीत बसलेल्याच्या तोंडाशी आहे. कुणीतरी बसून बोललंय. आपल्या मनाने, निवांत. मग बोललेलं कुणाच्या हाती लागू नये असं वाटलं. ज्याला यंत्र कळतं तो तेवढंच पुसून टाकेल, कार्ड जिथल्या तिथे ठेवेल, कुणाला पत्ता लागणार नाही. हा अख्खं कार्ड उपटून घेऊन गेला, कारण याला पुसता येत नव्हतं."

मी मनातल्या मनात एकेकाला वगळायला लागलो. झहीरला पुसता येतं. अजेयला पुसता येतं, सकाळी त्यानेच पुसलं होतं. जगदीशला पुसता आलं नसतं, पण एसी बंद ठेवायचं त्याच्या लक्षात कुठून राहणार? गोधड्यांआड घाम गाळायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती, आणि झहीरने बजावलं तरी फोन चालू ठेवणारा तो एसी काय बंद करतोय. मी तर पानावरून हललोच नव्हतो. सकाळी त्या खोलीत आणखी एकच माणूस होता.

"अहो शैलाताई, पण स्वतःचाच आवाज कोण चोरेल?"

त्यांनी चहा गाळला. "ते आता त्यांनाच विचारू. ट्रे धर."

४

साहेब उठून बसले होते. शैलाताईंनी दार लोटून घेतलं, कप त्यांच्या हातात दिला आणि समोर बसल्या. उलटतपासणी करतील असं मला वाटलं होतं, पण त्या अगदी हळू बोलल्या.

"कॅप्टनसाहेब, तुमची भाषणं मी ऐकलीत. मांडीत गोळी बसली ती त्याच रात्री, डोंगरावर असताना, असं तुम्ही नेहमी सांगता. खरं ना?"

"खरं."

"मग मांडीत गोळी बसलेला माणूस दुसऱ्याला पाठीवर घेऊन डोंगर उतरला कसा?"

तो प्रसंग मी लिहिला होता. तीनदा लिहून सुधारला होता, त्यात विजा घातल्या होत्या, पार्श्वसंगीताला जागा ठेवली होती. हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

साहेबांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून नखाएवढं कार्ड काढलं आणि गादीवर ठेवलं.

नंतर ते बोलले ते तुटक तुटक. पाठीवर घेतलं होतं ते पोशाने, त्यांना. कर्जतकडच्या ठाकरवाडीतला पोशा, अंगाने बारीक, त्यांच्याहून हातभर बुटका. खाली आणून निजवलं आणि पुन्हा वर गेला, कारण वर अजून एकजण राहिला होता. तो परत आला नाही. साहेब इस्पितळात शुद्धीवर आले तेव्हा पेपरात उलटं छापून आलं होतं. अधिकारी जिवंत होता, जवान गेला होता, आणि कुणीतरी आपल्याला हवी तशी जोडणी केली होती. दुरुस्त करू म्हणेपर्यंत सत्कार सुरू झाले. मग पक्ष आला, तिकीट आलं. पोशाची बहीण वाडीत आहे. दर दिवाळीला साहेब तिच्याकडे जातात, आणि ती त्यांच्या पाया पडते, माझ्या भावाला एकटं मरू दिलं नाय म्हणून.

"आजवर ते नुसतं ऐकत होतो," साहेब म्हणाले. "सकाळी पहिल्यांदा माझ्या तोंडानं बोललो. मी पोशाला पाठीवर घेतलं. बोललो, आणि जेवण उतरंना. सगळे जेवत होते तेव्हा परत गेलो, खरं काय ते बोलून टाकलं. मग भ्यालो. पुसायचं कसं ते कळंना. कार्डच काढून घेतलं."

शैलाताईंनी त्यांना बोल लावला नाही. शैलाताईंच्याच डोळ्यांत मला पाणी दिसलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"तेव्हा तुम्ही बेशुद्ध होतात," त्या म्हणाल्या. "तेव्हाचं मी समजू शकते. पण आज तुम्ही शुद्धीवर आहात, साहेब. मघापासून बाहेर त्या पोराला चोर म्हणतायत आणि ते तुम्हाला इथे ऐकू येतंय."

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. पाठोपाठ जगदीशचा आवाज, या या, इकडे, पकडून ठेवलाय म्हणून.

साहेबांनी कार्ड उचललं आणि पुन्हा खिशात टाकलं.

५

ते उठले आणि काठी न घेता बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. मंत्री माणूस, निवडणूक तोंडावर, खिशातलं कार्ड कर्जतच्या रस्त्यात कुठेही भिरकावून देता येईल. शैलाताईंचा चेहराही उतरला होता.

अंगणात पोलिसांनी झहीरला गाडीजवळ नेलं होतं. साहेब थेट त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"जगदीश, फोन काढ," ते म्हणाले. "ज्याच्यावर याचा व्हिडिओ घेतलास तोच. आता माझा घे."

जगदीशला वाटलं निषेध नोंदवायचाय. त्याने हौसेने फोन धरला.

"मी माधव हुले. कार्ड झहीरनं चोरलेलं नाही. कार्ड मी घेतलं, हे बघा." त्यांनी ते बोटांत धरून दाखवलं. "त्याच्यावर मी एक खोटं बोललोय आणि एक खरं. खरं हे, की त्या रात्री मी कुणाला उचललं नाय. मला पोशा पारधीनं खाली आणलं नि तो मेला. त्याचं काम मी माझ्या नावावर लावलं. आज माझं काम झहीरच्या नावावर लागत होतं, नि मी आत पडून ऐकत होतो. झहीर, मला माफ कर."

जगदीशचा हात खाली आला.

"साहेब, हे नाय पाठवत मी. तुमी दमलाव. तिकीट जाईल, सगळं जाईल."

"पाठव."

"साहेब, पिच्चरचं काय?"

"पाठव, जगदीश. झहीरचा गेला तितक्याच ठिकाणी हा गेला पाहिजे."

जगदीश रडायला लागला. त्याचं साहेबांवर खरंच प्रेम होतं, हे मला तेव्हा कळलं. रडत रडत त्याने व्हिडिओ पाठवला. पोलिसांनी साहेबांकडे पाहिलं, झहीरकडे पाहिलं, आणि त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. अजेय पायरीवर डोकं धरून बसला. त्याच्या सिनेमाचा शेवट गेला होता, आणि माझे संवादही त्याबरोबर गेले होते. मला त्याचं काही वाटलं नाही, हे मात्र नवल.

साहेबांनी झहीरला विचारलं, पोशाच्या बहिणीकडे वाडीत जायचंय, मशीन घेऊन येशील का. तिच्यासमोर पुन्हा तोंडानं बोलायचं धैर्य झालं नाही, तर कार्डावरचं तरी ऐकवता येईल.

झहीर रागावला होता, आणि रागवायचा त्याला पूर्ण हक्क होता. "वाडीत येईन," तो म्हणाला. "पन आदी माझ्या घरी चला. व्हिडिओ बगून दारातली मानसं हलनार नायत. तुमी दिसलाव तर हलतील."

कर्जतचा कार्यक्रम खोळंबला. ताफा उलटा फिरून लोधिवलीला गेला. झहीर पुढे मोटरसायकलवर, मागे साहेबांची गाडी, आणि तिच्यात शैलाताईंनी कोंबून बसवलेला मी. गल्लीत गाडी शिरेना, तेव्हा साहेब उतरून लंगडत चालत गेले. झहीरच्या दाराशी जमलेल्या प्रत्येकाला त्यांनी हात जोडून तेच सांगितलं, कार्ड मी घेतलं, याने नाही. काहींनी तोवर व्हिडिओ पाहिला होता, काहींचा विश्वास बसत नव्हता. दोघाचौघांनी साहेबांच्या पाया पडायला वाकून पाहिलं, त्यांना त्यांनी मागे सारलं. हळूहळू माणसं पांगली.

सफिया उंबऱ्यात उभी होती. डोळे सुजले होते. तिने साहेबांना आत या म्हटलं नाही. झहीरला मात्र विचारलं, "जेवलात काय?"

त्याने नाही म्हणून मान हलवली, आणि ती त्याला घेऊन आत गेली. साहेब उन्हात उभेच राहिले. मी गाडीकडे चला म्हणालो, तरी हलले नाहीत. दुखऱ्या पायावरचा भार ते सारखा दुसऱ्या पायावर घेत होते.

मग सफिया पुन्हा बाहेर आली, हातात प्लास्टिकची खुर्ची घेऊन. तिने ती दाराच्या सावलीत ठेवली, साहेबांकडे न पाहता.

"बसा," ती म्हणाली. "ते जेवतायत. मग येतील."